पेपर पुढे गेला, पोरांचं काय?

टाइमटेबल लागलं की आपण सगळ्यात आधी काय बघतो? गॅप! कुठल्या दोन पेपरांच्या मध्ये किती दिवस मिळतायत, अवघड विषयाच्या आधी रविवार येतोय का, शेवटचा पेपर कधी संपतोय आणि गावी जायचं तिकीट कधीचं काढायचं. हॉलतिकिटाच्या मागच्या सूचना आपण नंतर वाचतो. खरं सांगायचं तर बऱ्याचदा वाचतच नाही.

पण त्या अख्ख्या टाइमटेबलात एक ओळ सहसा शोधूनही सापडत नाही. परीक्षेच्या दिवशी काही विपरीत घडलं तर काय? नदीला पूर आला, घाटात दरड कोसळली, लोकल बंद पडली, एसटीचा संप झाला, सर्व्हर झोपला, तर कुणाला विचारायचं? किती वाजेपर्यंत वाट बघायची? हुकलेला पेपर परत कधी मिळणार? याची उत्तरं संकट आल्यावर शोधायला घेतली जातात. तोवर आपण ग्रुपवर एकमेकांना 'कन्फर्म आहे का रे?' विचारत बसतो.

आजचा मुद्दा एवढाच आहे. संकट टाळता येत नाही, मान्य. पण संकटानंतरचा गोंधळ टाळता येतो. तो टाळणं हे विद्यार्थ्यांवर केलेले उपकार नाहीत. परीक्षा घेणाऱ्याच्या कामाचाच तो भाग आहे.

भूगोलाचा पेपर आणि जळालेला टेम्पो

या विषयात माझी बॅच अनुभवी म्हणायला हवी. २०२० साली आम्ही दहावीला होतो. ३ मार्चला परीक्षा सुरू झाली, एकेक पेपर सरत गेला आणि शेवटी उरला फक्त भूगोल. तारीख २३ मार्च. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू, मागोमाग लॉकडाऊन. पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. ज्यांचा भूगोल पक्का होता ते हळहळले, ज्यांचा कच्चा होता ते मनातल्या मनात नाचले.

दोन वर्षांनी बारावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन पुण्याकडे निघालेला टेम्पो पुणे-नाशिक महामार्गावर, संगमनेर तालुक्यातल्या चंदनापुरी घाटात पेटला. प्रश्नपत्रिका जळाल्या आणि ५ व ७ मार्चला होणारे पेपर ५ आणि ७ एप्रिलला गेले. सगळी परीक्षा संपली तरी आमची संपेना. 'एकदाचं सुटलो' म्हणायला महिनाभर थांबावं लागलं.

तरीही त्या वेळचं एक काम चांगलं झालं, हे सांगायला हवं. बदल परीक्षा सुरू व्हायच्या आधी जाहीर झाला. नेमके कोणते पेपर हलले आणि कोणते जागेवर आहेत, ते कळलं. नवी तारीख त्याच वेळी हातात पडली. घाटात टेम्पो पेटणं कुणाच्या हातात नव्हतं, पण नवी तारीख सांगणं हातात होतं आणि ते केलं गेलं. कुरकुर आम्ही भरपूर केली, पण अंधारात कुणी राहिलं नाही.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती. कोविडमुळे ती पुढे गेली, परत पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली आणि ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं कळलं. त्या दिवशी पुण्यात शास्त्री रोडवर मुलं-मुली येऊन बसली. पुढे २१ मार्चला परीक्षा झाली. जवळजवळ एक वर्ष. त्या दिवशीचा राग हा एका तारखेवरचा नव्हता. आपण वर्षभर कुणाच्या तरी निरोपाची वाट बघत जगतोय, या भावनेचा तो राग होता.

दोन्हीकडे पेपर पुढेच गेला. एकीकडे निरोप वेळेत आणि पुरा आला, दुसरीकडे तोंडावर आणि अर्धा. फरक एवढाच, पण त्या फरकाने मुलांची झोप उडते.

मग परीक्षा रद्दच का नको?

तुमच्यातले काही जण म्हणतील, एवढा व्याप कशाला, संकट आलं की करा ना रद्द! ऐकायला बरं वाटतं. पण २०२१ ची दहावीची बॅच आठवा. ती बॅच आज कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत आहे, म्हणजे हे वाचणाऱ्यांत तुम्हीही असाल. परीक्षा झाली नाही. नववीच्या निकालावरून ५०, दहावीच्या वर्षभराच्या कामावरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे मिळून १०० गुण ठरले. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या दिवशी निकालाची वेबसाइट काही तास उघडेना, हेही तुम्हाला आठवत असेल.

खरी पंचाईत पुढे झाली. जवळपास सगळेच पास, मग अकरावीचे प्रवेश कशावर द्यायचे? म्हणून २१ ऑगस्टला वेगळी सीईटी ठरली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलांनी पुस्तकं बंद केली, उघडली, परत बंद केली. यात सगळ्यात जास्त कोण भरडलं? नववीत घरच्या अडचणीमुळे मागे पडलेली आणि दहावीत जीव तोडून अभ्यास करणारी पोरं. त्यांना आपली मेहनत दाखवायला जागाच उरली नाही.

त्याआधी २०२० मध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २८ ऑगस्टला निकाल आला. राज्याला परिस्थिती बघून परीक्षा पुढे ढकलता येईल, त्यासाठी यूजीसीकडे मुदत वाढवून मागता येईल, पण परीक्षा न घेता शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पास करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा अनेकांना तो कठोर वाटला. पण आज नोकरीच्या किंवा बाहेरच्या विद्यापीठाच्या अर्जाला मार्कशीट जोडताना त्यामागचं कारण कळतं.

म्हणून रद्द करणं हा शेवटचा उपाय. जगभर महामारी असेल तर तो नाइलाज असतो. पण एका जिल्ह्यातला पूर, दोन दिवसांचा पाऊस किंवा एका केंद्रावरचा बंद पडलेला सर्व्हर यासाठी परीक्षा रद्द करायची गरज नाही. गरज आहे ती दुसऱ्या संधीची, आणि ती संधी आधीपासून ठरलेली असण्याची.

सगळ्यांचा पेपर आणि एकट्याचा पेपर

इथे एक फरक नीट समजून घेऊ. संकट दोन प्रकारचं असतं. एक, ज्यात सगळेच अडकतात. राज्यभर लॉकडाऊन लागला की कुणालाच पेपर देता येत नाही. त्याची बातमी होते, मंत्री बोलतात, परिपत्रक निघतं.

दुसरं, ज्यात थोडेच अडकतात. परीक्षा ठरल्या वेळेला सुरू असते, नव्वद टक्के बाकं भरलेली असतात आणि एखाद्या वाडीतली चार मुलं ओढ्याच्या पलीकडे उभी असतात. किंवा कुणाच्या घरी त्याच पहाटे माणूस गेलेलं असतं. किंवा कॉम्प्युटरवर परीक्षा देताना एकीच्या मशीनला पॉवर गेलेली असते आणि शेजारचीची चालू असते. यांच्यासाठी कुणी रस्त्यावर बसत नाही. हजेरीपटावर 'गैरहजर' असा शेरा पडतो आणि विषय तिथे संपतो. पुढे त्याला केटी म्हणतात. गुणपत्रिकेवर ओढा दिसत नाही, नुसता शेरा दिसतो.

या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे उत्तर नाही असं नाही. राज्य मंडळात ज्यांची प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा योग्य कारणाने हुकते, त्यांच्यासाठी लेखी परीक्षेनंतर 'आऊट ऑफ टर्न' परीक्षा घेतली जाते. शब्द थोडा विचित्र आहे, पण सोय चांगली आहे. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा एमएचटी-सीईटी हुकलेल्या मुलांना पुन्हा संधी दिली गेली. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. अडचण अशी की प्रात्यक्षिकाला मिळणारी सोय लेखी पेपरला आपोआप मिळत नाही. आणि सीईटीला एका वर्षी दिलेली संधी हा कायमचा नियम आहे की त्या वर्षापुरता निर्णय, हे अर्ज भरताना मुलाला माहीत नसतं.

बाहेरचं एक उदाहरण उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये शालेय पातळीवरच्या जीसीएसई आणि ए लेव्हल परीक्षांच्या वेळापत्रकात राखीव दिवस आधीच छापलेला असतो. मोठा व्यत्यय आला तर त्या दिवशी पेपर होऊ शकतो, म्हणून त्या दिवसापर्यंत मोकळं राहा, असं मुलांना सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. परीक्षेच्या काळात घरात मृत्यू झाला किंवा अपघात झाला, तर ठरलेल्या नियमानुसार, प्रसंगाच्या गंभीरपणाप्रमाणे, जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुणांची सवलत मिळते. पाच टक्क्यांनी कुणाचं नशीब पालटत नाही. पण 'तुझ्यावर काय गुदरलं ते आम्ही मोजलंय', एवढं त्या मुलाला कळतं.

स्पर्धा परीक्षेचं गणित मात्र वेगळं आहे, हेही मान्य करायला हवं. तिथे क्रमवारी लागते. अर्ध्या लोकांना एक पेपर आणि अर्ध्यांना दुसरा दिला, की कुणाचा सोपा होता यावरून वाद होतो आणि नॉर्मलायझेशनचं भूत मानगुटीवर बसतं. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात पुराने हाहाकार माजला, तेव्हा एमपीएससीची २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्व परीक्षा सगळ्या राज्यासाठीच ९ नोव्हेंबरला नेली गेली. घर पाण्याखाली असलेल्या मुलाला 'ये आणि पेपर दे' म्हणणं शक्यच नव्हतं. तो निर्णय बरोबर होता. पण कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेला क्रमवारीची ही अडचण नाही. तिथे वेगळा संच काढून चार मुलांची परीक्षा घेता येते. न घेण्याचं कारण नियमाचं कमी आणि कंटाळ्याचं जास्त असतं.

बिल कोण भरतं?

२८ सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर. बेचाळीस दिवस. टाइमटेबलात ही फक्त एक खाडाखोड. आता हेच बेचाळीस दिवस परंड्याहून किंवा गेवराईहून पुण्यात येऊन राहिलेल्या मुलाच्या वहीत मांडा. कॉट बेसिसच्या खोलीचं भाडं, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी. हे सगळं पुन्हा. आणि यावेळी घरून पैसे मागायचे कसे? घरचं सोयाबीन तर पाण्यात गेलेलं. गावी परत जाऊन आईवडिलांना चिखल उपसायला मदत करायची, की इथे थांबून पुस्तक धरायचं? परीक्षा पुढे गेल्याने त्याला वेळ मिळाला असं आपण म्हणतो. तो वेळ त्याला विकत घ्यावा लागला.

सरकारी मदतीत याची नोंद आहे. दुष्काळ किंवा अतिवृष्टीच्या सवलती जाहीर होतात तेव्हा त्या यादीत जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलात सवलत यांच्याबरोबर शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी हीसुद्धा असते. तुमच्या तालुक्याचं नाव त्या यादीत असेल तर ही माफी तुमची आहे, हे आधी लक्षात ठेवा. प्रश्न असा की माफी कागदावर आणि फी काउंटरवर असते. फी आधी भरा, मग खाते क्रमांक द्या, मग परत मिळेल, असा तो रस्ता असेल तर ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याला त्याचा काय उपयोग? संकटातल्या मुलाकडून फी घेऊच नये, हिशेब संस्थेने आणि सरकारने आपसात करावा. एवढं साधं आहे ते.

पुरावा हाही असाच एक जाच. पूर आला होता याचा दाखला आण, तलाठ्याची सही आण, सरपंचाचं पत्र आण. ज्याचं दप्तर, आधार कार्ड आणि हॉलतिकीट वाहून गेलं, त्यालाच कागद आणायला सांगायचे! ज्या गावात पूर आला ते गाव प्रशासनाच्या यादीत असतंच. कॉलेजकडे मुलाचा पत्ता असतो. दोन याद्या शेजारी ठेवल्या की काम झालं.

शाळांचीही बाजू आहे

आपण विद्यार्थी म्हणून शाळा-कॉलेजवर चिडतो, आणि पुष्कळदा बरोबरच चिडतो. पण संकटाच्या दिवशी शाळेत काय चाललेलं असतं, तेही बघू. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा पूरग्रस्त कुटुंबं राहिली कुठे? शाळांमध्ये, कॉलेजांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये. ज्या वर्गात परीक्षा व्हायची त्याच वर्गात कुणाचं अंथरूण असतं, बाहेर व्हरांड्यात चूल नाहीतर आचाऱ्याची मोठी पातेली. तिथून पाणी ओसरलं तरी बाकं धुवायची, कागदपत्रं वाळवायची, वायरिंग तपासायचं. शिक्षकांची स्वतःची घरंही त्याच पाण्यात असतात.

बोर्डाची परीक्षा म्हणजे तर एक लांबलचक साखळी. प्रश्नपत्रिका परिरक्षक केंद्रावर सांभाळायच्या, रोज सकाळी रनरने त्या परीक्षा केंद्रावर पोहोचवायच्या, केंद्र संचालकाने मोजून वाटायच्या, उत्तरपत्रिका सील करून परत पाठवायच्या. यातली एक कडी पावसात अडकली की सगळं अडकतं. अशा वेळी केंद्र संचालकाला पेपर अर्धा तास उशिरा सुरू करायचा अधिकार आहे की नाही, हे फोन लावून विचारावं लागत असेल आणि नेमका फोनच लागत नसेल, तर तो बिचारा काय करणार? नियमाबाहेर गेला तर चौकशी, नियमात राहिला तर मुलांचं नुकसान. शाळांना आधार द्यायचा म्हणजे आधी हा अधिकार लेखी द्यायचा. आणि ज्या शाळेत निवारा केंद्र उघडलं, तिला सफाईसाठी, दुरुस्तीसाठी माणसं आणि पैसे द्यायचे. नुसतं 'सहकार्य करावे' असं परिपत्रक धाडून बाकं वाळत नाहीत.

एक चांगली गोष्ट मात्र आपण याच काळात शिकलो होतो आणि ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. २०२२ च्या बोर्ड परीक्षेला कोविडमुळे मुलांना शक्यतो आपल्याच शाळेत केंद्र दिलं होतं. ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं जास्त दिली होती. आणि नेमका त्याच मार्चमध्ये एसटीचा संप सुरू होता, ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप एप्रिलपर्यंत चालला. केंद्र नेहमीसारखं दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावात असतं, तर लाल डब्यावर अवलंबून असलेल्या मुला-मुलींचं काय झालं असतं? परीक्षा मुलाच्या जवळ नेली की अर्धी संकटं रस्त्यातच गळून पडतात. कोविड गेला, सोबत हा धडाही गेला.

एवढं तरी आधी ठरवा

तर मागणी काय आहे? फार मोठी नाही. विद्यापीठं, मंडळ आणि परीक्षा घेणाऱ्या सगळ्यांनी पाच गोष्टी टाइमटेबलासोबतच छापाव्यात.

एक, राखीव दिवस. प्रत्येक सत्राच्या शेवटी दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि ते आधीच सांगायचे. संकट आलं नाही तर सुट्टी, कुणाची हरकत नसेल.

दोन, निरोपाची वेळ. पेपर पुढे जाणार असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत सांगायचं, आणि पहाटे काही घडलं तर सकाळी ठरावीक वेळेला. एकाच अधिकृत ठिकाणी. २०२४ मध्ये नीट-पीजी परीक्षा २२ जूनच्या रात्री पुढे ढकलली गेली, परीक्षेला काही तास उरले असताना. तोवर परीक्षेसाठी दुसऱ्या शहरात निघालेले डॉक्टर तिथे पोहोचलेले होते. त्यांच्या तिकिटांचे पैसे कुणी दिले नाहीत.

तीन, हुकलेल्यांचा हक्क. व्यत्ययामुळे पेपर न देऊ शकलेल्यांना ठरलेल्या मुदतीत दुसरा पेपर, फी न घेता, गुणपत्रिकेवर केटीचा डाग न लावता. आणि हाच नियम एकट्या मुलालाही लागू.

चार, निकालाची काळजी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायची अपेक्षा आहे. उशिरा पेपर दिलेल्यांचा निकाल बाजूला पडून राहायला नको. पुढच्या प्रवेशाची शेवटची तारीख त्यांच्यासाठी थांबणार नसेल, तर दुसरी संधी नावापुरतीच.

पाच, विचारणारा माणूस. पूर ओसरल्यावर आठव्या दिवशी पेपर देणाऱ्याच्या डोक्यात काय चालू असतं? प्रत्येक कॉलेजात त्या काळात एक शिक्षक, एक समुपदेशक ठरवून द्या. तुम्हाला स्वतःला किंवा मित्राला फारच जड जात असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी नंबर आहे. तो सेव्ह करून ठेवा. लाजायचं काही कारण नाही.

आणि तुम्ही-आम्ही?

सगळं प्रशासनावर टाकून आपण मोकळे होणार का? आपल्या हातातही बरंच आहे.

परिपत्रक फॉरवर्ड करण्याआधी ते अधिकृत वेबसाइटवर आहे का, एवढं बघा. 'उद्याचे सर्व पेपर रद्द' अशा पीडीएफवर विश्वास ठेवून कुणी घरी थांबलं, तर त्याचं वर्ष तुमच्या एका बोटाने गेलं. वर्गात कोण आलं नाही ते पेपरच्या दिवशीच टिपून ठेवा. बाहेरगावाहून येणारे कोण, कुणाच्या गावचा रस्ता बंद आहे, ही यादी कॉलेजच्या ऑफिसपेक्षा तुमच्या ग्रुपवर जास्त पक्की असते. ती लेखी अर्जासोबत प्राचार्यांकडे द्या, पोच घ्या. दहा जणांचा एक अर्ज एकट्याच्या दहा हेलपाट्यांपेक्षा वजनदार असतो.

एनएसएसमध्ये असाल तर पूर ओसरल्यावर वह्या-पेनांच्या पेट्या जरूर पाठवा, पण आधी विचारा की कुठल्या इयत्तेची, कुठल्या विषयाची पुस्तकं हवीत. बारावी सायन्सच्या मुलीला चित्रकलेच्या वह्या मिळून काय उपयोग? नोट्स स्कॅन करून द्या. शहरात खोली असेल तर दोन आठवडे एखाद्याची गादी टाकू द्या. पूरग्रस्त भागातल्या दृष्टिहीन मुलाचा ठरलेला लेखनिक येऊ शकत नसेल, तर त्याच्यासाठी बसा, तीन तासांचाच प्रश्न असतो.

आणि एक काम आजच करा. आपापल्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा आणि विचारा, 'परीक्षेच्या दिवशी पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, तर आमच्या पेपरचं काय? नियम लेखी दाखवता का?' काउंटरपलीकडून उत्तर आलं तर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका, सगळ्यांना कळू दे. 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं उत्तर आलं, तर अर्ज लिहा. आभाळ निरभ्र असताना लिहा. पाणी गुडघ्याला लागल्यावर अर्ज करायला कुणाला वेळ नसतो, आणि वाचायलाही.